कधी हो, कधी नाही : लहान मुलांचा हट्ट कशावर पोसतो

रविवारी सकाळी नाशकात मखमलाबाद रोडवरच्या नाहीतर गंगापूर रोडवरच्या कुठल्याही मिसळीच्या ठिकाणी नंबर लावून बसा. अर्ध्या तासात हा प्रसंग दिसणारच. तीन वर्षांची मुलगी मोबाइल मागते. आई म्हणते, नाही. ती पुन्हा मागते. आई म्हणते, एकदा सांगितलं ना. मग सूर लागतो, तो चढतो, मुलगी खुर्चीवरून घसरून खाली बसते, शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागतात. बाबा हळूच म्हणतात, "अगं, दे ना, लोक बघताहेत." आई मोबाइल देते. मुलगी गप्प. तेवढ्यात मिसळ येते आणि विषय संपतो.

संपतो म्हणजे मोठ्यांपुरता संपतो. मुलीचा हिशेब मात्र पक्का झालेला असतो: आई "नाही" म्हणाली की अजून थोडं रडायचं.

बघणारे म्हणतात, लाडावलेली आहे. मला ते पटत नाही. मागितल्याबरोबर आईने हसत मोबाइल दिला असता तर त्याला लाड म्हणता आलं असतं. मोबाइलमुळे व्हायचं ते नुकसान झालं असतं, पण रडून मिळवण्याचा धडा तरी मिळाला नसता. खरी भानगड अशी की मागच्या रविवारी इथेच मोबाइल मिळाला नव्हता, त्याआधी मिळाला होता, घरी आजी असली की मिळतो, आणि कामावरून दमून आलेल्या बाबांकडे मागितला तर कधी मोबाइल मिळतो, कधी ओरडा.

शिस्त लावताना सातत्य ठेवा, हे सगळेच सांगतात. ऐकणाऱ्याला त्यातून "कडक व्हा" एवढंच ऐकू येतं. पण आपण असं केलं तर पुढे काय होणार, याचा मुलाला अंदाज बांधता यावा, इतकंच त्यात अपेक्षित आहे. अगदी सैल घरातही हा अंदाज येऊ शकतो, आणि अगदी कडक घरातही येत नाही, असं होतं.

अधूनमधून मिळतं ते सुटत नाही

ही गोष्ट सापडली ती उंदरांमध्ये, आणि तीही अडचणीतून. १९३०च्या दशकात अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात बी. एफ. स्किनर हे मानसशास्त्रज्ञ पेटीत उंदीर ठेवून प्रयोग करत होते. उंदराने दांडी दाबली की खाण्याची एक गोळी पडायची. या गोळ्या स्किनर स्वतःच तयार करायचे. एका शनिवारी दुपारी साठा पाहिला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सोमवारी सकाळी गोळ्या संपणार. सुट्टी गोळ्या करण्यात घालवायची नव्हती, म्हणून त्यांनी ठरवलं की दर दाबाला गोळी द्यायची नाही, मिनिटाला एखादी द्यायची. उंदीर काही थांबले नाहीत. पुढे दिसलं ते याहून महत्त्वाचं होतं. गोळी देणं पूर्ण बंद केलं तेव्हा ज्यांना दरवेळी मिळत होती त्यांनी दांडीचा नाद लवकर सोडला. ज्यांना अधूनमधून मिळत होती ते कितीतरी जास्त वेळ दाबत राहिले. नंतर चार्ल्स फर्स्टर यांच्याबरोबर स्किनरनी कबुतरांवर याच विषयाचे हजारो तासांचे प्रयोग केले, आणि १९५७ मध्ये ते सगळं छापून आलं. मूळ निष्कर्ष तेव्हापासून टिकून आहे.

हे समजायला उंदीर-कबुतरंच हवीत असं नाही. सुट्टीत गावी गेल्यावर हापसा मारला असेल तर पुरे. ज्या हापशाला चार दांड्यांत पाणी येतं, त्याला एखाद्या दिवशी दहा दांड्यांत आलं नाही तर आपण म्हणतो बिघडला, आणि घागर घेऊन दुसरीकडे जातो. पण ज्या हापशाला कधी दहाव्या दांड्याला, कधी चाळिसाव्या दांड्याला पाणी येतं, तिथे आपण घामाघूम होईपर्यंत हापसत राहतो, कारण पुढचाच दांडा पाण्याचा असू शकतो. तो कोरडा पडला आहे हे कळायलाच खूप वेळ लागतो.

मूल नेमकं हेच करत असतं. त्यात लबाडी नसते, डोकं असतं. "आमचा एवढा हट्टी कुणावर गेलाय कोण जाणे" असं म्हणण्याआधी त्याचा हट्ट किती वेळा आणि कितव्या मिनिटाला फळाला आला, हे आठवून पाहावं. इथे एक वाईट बारकावा आहे. "मी दहा मिनिटं अजिबात दाद दिली नाही, मग अगदीच ऐकेना म्हणून दिलं," असं एखादी आई सांगते तेव्हा तिला वाटतं की आपण निदान दहा मिनिटं तरी ठाम राहिलो. मूल शिकतं ते उलटंच: पाच मिनिटांत नाही मिळत, दहा मिनिटांत मिळतं. पुढच्या वेळी ते दहा मिनिटांची तयारी ठेवूनच रडायला बसतं.

वळण आईबापांनाही लागतं

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जेराल्ड पॅटरसन आणि त्यांचे सहकारी १९६०च्या दशकापासून लोकांच्या घरी जाऊन बसत आणि कोण कुणाला काय म्हणालं, त्यावर समोरच्याने काय केलं, याच्या नोंदी करत. त्यांना एक साखळी पुन्हा पुन्हा दिसली. आई काहीतरी सांगते, मूल कुरकुरतं, आई आवाज चढवते, मूल किंचाळतं, आई माघार घेते, मूल गप्प होतं. मुलाला हवं ते मिळालं, हे उघड आहे. पण आईलाही काहीतरी मिळालं: शांतता, आणि तीही त्याच क्षणी. म्हणून पुढच्या वेळी आई आणखी लवकर माघार घेते. साखळी उलट बाजूनेही चालते. एखाद्या दिवशी बाबा जोरात ओरडतात आणि मूल दचकून गप्प बसतं, म्हणजे ओरडण्याचं फळ बाबांना मिळालं. पुढच्या वेळी ते आधीच ओरडतात. घरातला आवाज महिन्यामहिन्याने कसा वाढत गेला हे कुणालाच कळत नाही, कारण प्रत्येक पायरीवर प्रत्येकाला थोडासा फायदा झालेला असतो.

हे वाचून कुणी स्वतःला दोष देत बसू नये. थकलेल्या माणसाला त्या क्षणी शांतता हवी असते, आणि लहान मुलांचे आईबाप थकलेलेच असतात. मात्र आपण माघार का घेतो याचं कारण माहीत असलं तर माघार कुठे घ्यायची हे तरी निवडता येतं.

आत्याची गोष्ट

माझ्या मते या विषयातली सगळ्यात बोलकी नोंद १९५९ ची आहे. कार्ल विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने एका अमेरिकन नियतकालिकात एका मुलाबद्दल छोटा लेख लिहिला. मुलगा २१ महिन्यांचा. आयुष्यातले पहिले १८ महिने तो खूप आजारी होता, त्यामुळे घरचे त्याच्या उशाशीच असायचे. मुलगा बरा झाला, पण झोपताना कुणीतरी खोलीत बसलंच पाहिजे, हा हट्ट राहिला. खोलीतून बाहेर पडलं की आकांत. आईवडील आणि घरात राहणारी आत्या, तिघं आळीपाळीने बसायचे. (मूळ लेखात आत्या की मावशी ते कळत नाही, आपल्या घरांच्या हिशेबाने मी आत्या म्हणतो.) त्याला झोप लागेपर्यंत कधी अर्धा तास जायचा, कधी दोन तास.

प्रकृतीला काही धोका नाही याची खात्री करून घेतल्यावर ठरलं की प्रेमाने अंथरुणात ठेवायचं, दार लावायचं आणि परत जायचं नाही. पहिल्या रात्री मुलगा ४५ मिनिटं रडला. पुढच्या काही रात्रींत रडणं कमी होत गेलं, आणि दहाव्या वेळेपर्यंत तो कुणी बाहेर पडताना हसायलाही लागला होता.

साधारण आठवड्याने आत्याची पाळी होती. तिने त्याला झोपवलं, आणि तो पुन्हा रडला. सुटलेली सवय मधूनच एकदा डोकं वर काढते, तसं झालं. आत्याला राहवलं नाही. ती परत गेली आणि त्याला झोप लागेपर्यंत बसली.

एवढंच झालं. एका माणसाने, एका रात्री. आणि सगळा खटाटोप पहिल्यापासून करावा लागला. दुसऱ्या खेपेलाही रडणं थांबलं, आणि पुढे दोन वर्षं झोपतानाचा आकांत परत झाला नाही, असं विल्यम्स लिहितात.

यावरून आपण मुलांना अंधारात एकटं रडत ठेवावं, असं मी मुळीच सुचवत नाही. आपल्याकडे मुलं आईबापांजवळ झोपतात, ते छानच आहे. ही नोंद एकाच मुलाची आहे, हेही विसरू नये. त्यातून घेण्यासारख्या गोष्टी दोन. एक, रडण्याचा उपयोग होईनासा झाला की ते कमी होतं, पण तत्पूर्वी ते वाढू शकतं. बंद पडलेल्या दांडीवर उंदीरही सुरुवातीला जास्त जोर काढतो. बरेच आईबाप नेमके इथे गळपटतात. त्यांना वाटतं उपाय लागू पडत नाही, म्हणून ते देऊन टाकतात, आणि मग मुलाला आजवरच्या सगळ्यात मोठ्या रडण्याचं फळ मिळतं. दुसरी गोष्ट म्हणजे आत्या. आपल्या घरांत ती कधी आजी असते, कधी काका, कधी खालच्या मजल्यावरच्या काकू.

आजीचं घर आणि आपलं घर

इथे बहुतेक पालकांचा धीर सुटतो. "आम्ही दोघं कितीही ठरवू हो, आई-बाबा ऐकतात थोडेच?" सिडकोत राहणारं जोडपं, दोघं नोकरीला, मूल दिवसभर पंचवटीत आजी-आजोबांकडे. आजी वरणभाताआधी लाडू देते. संध्याकाळी आई म्हणते, जेवणाआधी गोड नाही. मग वाद आजी आणि आईमध्ये होतो, आणि मूल लाडू खात ऐकत असतं.

दिलासा देणारी गोष्ट अशी की सगळीकडे एकच नियम असावा लागत नाही. मुलं जागेनुसार आणि माणसानुसार नियम वेगळे ठेवायला फार पटकन शिकतात. नाशकातल्या कुठल्याही मुलाला विचारा. रंगपंचमीच्या दिवशी आजोबांच्या अंगावर पाणी टाकलं तरी चालतं, तिवंध्याच्या नाहीतर शनि चौकातल्या पेशवेकालीन रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, मोठी माणसं कपड्यांनिशी धप्पा मारतात, आणि सगळे हसतात. दुसऱ्या दिवशी रहाड बंद. तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक पोरांना कळतं की आज पिचकारी काढली तर मार पडेल. रंगपंचमीची सूट वर्षभर मिळत नाही म्हणून कुणी आकांत करत नाही, कारण ती कधी मिळते हे स्पष्ट असतं आणि रडून ती मिळत नाही.

तेव्हा पंचवटीत लाडू मिळतो आणि सिडकोत मिळत नाही, हे मुलाला सहज पचतं. न पचणारी गोष्ट दुसरी: सिडकोतच सोमवारी मिळत नाही, मंगळवारी वीस मिनिटं रडल्यावर मिळतो, बुधवारी पाहुणे आले म्हणून मिळतो. आजीशी भांडण्यात जो दम जातो तो आपल्या घरचा नियम सांभाळण्यात खर्च केला तर जास्त उपयोग होईल, असं माझं स्पष्ट मत आहे. आजीकडे एकच गोष्ट मागावी, आणि ती चारचौघांत नाही, निवांत वेळ बघून: "आई, तुम्हाला जे द्यायचं ते तुम्ही आधीच द्या. आम्ही नाही म्हटल्यावर आणि तो रडल्यावर तेवढं देऊ नका." लाडूला आक्षेप नाही, लाडूच्या वेळेला आहे, हे कळल्यावर आजीचा मानही राहतो. शिवाय मारणं, रस्त्यावर एकटं सोडणं, गॅसजवळ खेळणं, अशा दोन-तीन गोष्टींत मात्र दोन्ही घरांचं एकमत हवंच. तिथे आपला-तुपला नियम चालत नाही.

एकत्र राहणाऱ्या घरात हे अवघड जातं, कारण जागा एकच असते. तिथे माणसांची वाटणी करता येते. जेवणाचं आजी बघणार, झोपेचं आई, मोबाइलचं बाबा. ज्याचं खातं त्याचा शब्द शेवटचा, बाकीच्यांनी "बाबांना विचार" म्हणायचं आणि खरोखरच बाबांना विचारू द्यायचं. आईने नाही म्हटलेलं बाबांनी मुलासमोर हो करायचं नाही. पटलं नसेल तर रात्री बोला. मूल एकाकडून दुसऱ्याकडे अर्ज घेऊन फिरतं ते कारस्थानी असतं म्हणून नाही. तो अर्ज आजवर मंजूर होत आला आहे म्हणून ते फिरतं.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांच्या घरचा प्रश्न आणखी निराळा. या आठवड्यात बाबांची फर्स्ट, पुढच्या आठवड्यात नाइट. फर्स्ट असताना दुपारी घरात धुडगूस चालतो, बाबाही खेळतात. नाइट असताना त्याच वेळी तोच धुडगूस घातला की ओरडा बसतो, कारण बाबा आत झोपलेले असतात. मोठ्यांच्या दृष्टीने नियम एकच आहे, झोपलेल्या माणसाला उठवू नये. चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने मात्र काल चाललेलं आज चालत नाही. इथे वेळापत्रक बदलता येत नाही, पण खूण ठेवता येते. बेडरूमच्या दाराला बाबांचा टॉवेल अडकवलेला असेल तर घरात हळू बोलायचं, टॉवेल नसेल तर मोकळीक. टॉवेल अडकवायचं काम मुलाकडेच द्यावं. मुलाला शिफ्ट कळत नाही, टॉवेल दिसतो.

सांगितलेलं कळतं, मग करत का नाही?

"त्याला सगळं कळतं हो, मुद्दाम करतो." यातलं पहिलं वाक्य बरोबर असतं, दुसरं बऱ्याचदा चूक. १९९०च्या दशकात फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना एक साधा खेळ दिला. चित्रांची पानं आधी रंगाप्रमाणे लावायची, मग नियम बदलून आकाराप्रमाणे लावायची. तीन वर्षांच्या मुलांना नवा नियम विचारला तर ती बरोबर सांगत. पण पान हातात दिलं की बहुतेक मुलं ते जुन्या नियमानेच लावत. पाच वर्षांच्या आसपास बहुतेकांना हा बदल जमायला लागतो. म्हणजे नियम तोंडपाठ असणं आणि ऐनवेळी हात आवरणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. हात आवरण्याचं काम कपाळामागच्या भागाकडे असतं, आणि तो भाग पूर्ण तयार व्हायला विशी उलटावी लागते.

यातून रोजच्या वागण्यासाठी दोन गोष्टी निघतात. दीड-दोन वर्षांच्या मुलाला शंभर वेळा तेच सांगावं लागणं यात काही बिघडलेलं नाही. त्या वयात शिस्तीचं निम्मं काम मांडणीने होतं: चाकू वर ठेवा, प्लगला झाकण लावा, चॉकलेटचा डबा दिसणार नाही असा ठेवा. आणि ज्या मुलाला नियम बदललेला पेलत नाही, त्याच्यासमोर दर दोन दिवसांनी नियम बदलणं म्हणजे त्याला नापास होण्यासाठीच बसवणं.

आकांताचं म्हणाल तर तो या वयाचाच भाग आहे. मायकल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००३ मध्ये दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या आकांताच्या पालकांनी केलेल्या नोंदी तपासल्या. जवळपास तीन-चतुर्थांश आकांत पाच मिनिटांत किंवा त्याआधीच आटोपलेले होते. भर बाजारात ती पाच मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात हे खरं, पण घड्याळ लावून बघण्यासारखं आहे.

"नाही" जपून वापरा

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात एखाद्या बाईच्या मागे चालत राहा. "हात लावू नको, धावू नको, ते खाली ठेव, चिखलात जाऊ नको, बडबड करू नको, हात सोडू नको." यातल्या फक्त शेवटच्या वाक्याला खरंच अर्थ आहे, कारण तिथे गर्दी आहे आणि पुढे नदी आहे. बाकीचे पाच नकार पाळले जात नाहीत आणि पाळले नाहीत तरी काहीच होत नाही. त्या पाचांच्या सोबतीत सहावाही हवेत जातो.

लहान मुलाच्या घरात पक्के नियम चार-पाच पुरेत. त्यांची निवड साधी आहे: ज्यासाठी आपण हातातलं काम टाकून उठायला तयार आहोत, तोच नियम. कुणाला मारायचं नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही, जेवताना मोबाइल नाही, रात्री अमुक वाजता दिवा बंद. बाकीच्यांना विनंती म्हणा, सवयी म्हणा, त्यात सूट द्या. मोबाइलची रेघ कुठे मारायची हे ठरत नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला हाताशी आहे: दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पडदा पाहण्यासाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि कमी असेल तितकं चांगलं.

तोंडातून "नाही" जाण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हा रडला तर मी टिकणार आहे का? टिकणार नसाल, अंगात ताप आहे, घरात पाहुणे आहेत, उद्या सकाळी गाडी पकडायची आहे, तर पहिल्याच मागणीला "हो" म्हणा, आणि मनापासून म्हणा. यात कमीपणा काही नाही. रडण्याआधी दिलेला होकार आणि रडल्यानंतर दिलेला होकार यांची किंमत मुलाच्या लेखी अगदी वेगळी असते. मत बदलायचा हक्क आईबापांना आहेच, फक्त तो रडणं चालू असताना वापरायचा नाही. लग्नकार्य, गणपती, प्रवास, आजारपण या सवलतीसुद्धा आधीच जाहीर करता येतात: "आज मामाचं लग्न आहे, आज उशिरापर्यंत जागायचं. उद्या परत नऊला दिवा बंद."

नियम मोडल्यावर काय होणार, तेही लहान, लगेच होणारं आणि आपल्या हातातलं हवं. वाळू फेकली तर वाळूतून बाहेर, पाच मिनिटांनी परत. रंगांनी भिंत रंगवली तर खडू आजच्या दिवस कपाटात, आणि फडकं घेऊन पुसायला दोघं. याच्याऐवजी आपण काय म्हणतो? "इथेच सोडून जाईन." "पोलीसकाका धरून नेतील." "डॉक्टर सुई टोचतील." यातलं काहीच होणार नसतं, हे मुलाला लवकरच कळतं. आणि ज्याला कळत नाही ते पोर लसीच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवरच बसकण मारतं, तेव्हा दोष डॉक्टरांचा नसतो. "आता वर्षभर आइस्क्रीम बंद" ही शिक्षाही त्याच जातीची. संध्याकाळपर्यंत आपणच विसरतो.

सातत्य फक्त मूल चुकतं तेव्हाच पाळायचं नसतं, याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. मूल वीस मिनिटं शांतपणे चित्र काढत बसलं तर घरात कुणी त्याच्याकडे बघत नाही. सगळे म्हणतात, बसलाय तर बसू दे. त्याने ताट ढकललं की तीन माणसं धावतात. लक्ष मिळवण्याची खात्रीची वाट कोणती, हे त्यानेच ठरवावं अशी ही सोय. "छान बसलास, बघू काय काढलंस," एवढं रोज, न चुकता म्हटलं तरी बराच फरक पडतो.

आणि फटका?

"आम्ही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?" या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणं कठीण. एलिझाबेथ गरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये पाच दशकांतले, सुमारे १ लाख ६० हजार मुलांवरचे अभ्यास एकत्र तपासले. फटके खाणाऱ्या मुलांत आज्ञाधारकपणा वाढलेला दिसला नाही. आक्रमकपणा आणि अडेलपणा मात्र जास्त दिसला. अशा अभ्यासांत कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे पूर्ण वेगळं काढता येत नाही, कारण अडेल मुलालाच जास्त मार बसत असणार. पण फायदा दिसत नाही, एवढं म्हणायला ते पुरेसं आहे. आपल्याकडे शाळेत मारणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बंद झालं.

माझा आक्षेप मात्र सातत्याच्या बाजूने आहे. फटका हा मुलाच्या चुकीपेक्षा मोठ्यांच्या मनःस्थितीवर ठरतो. दूध सांडलं म्हणून रविवारी हसणारा बाप महिनाअखेरीला त्याच दुधासाठी धपाटा घालतो. मुलाला अंदाज येतो तो बाबांच्या मूडचा, नियमाचा नाही. मग ते बाबांचा चेहरा वाचायला शिकतं आणि बाबा घरी नसताना दूध कसंही सांडतं.

कडक म्हणजे चांगलं, की मोकळं म्हणजे चांगलं, या वादात पडलेल्यांसाठी डायना बॉमरिंड यांचं काम उपयोगी आहे. कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकात बालवाडीच्या वयाची मुलं आणि त्यांचे पालक पाहताना त्यांना हुकूमशाही पालक दिसले, सगळं सोडून देणारे दिसले, आणि तिसरे असे दिसले की जे नियमाला पक्के असतात पण कारण सांगतात, ऐकून घेतात आणि जीव लावतात. मुलांचं सर्वांत बरं चाललेलं होतं ते या तिसऱ्यांकडे. अभ्यास अमेरिकेतला आहे, आपली घरं निराळी आहेत. पण पक्केपणा आणि माया एका घरात नांदू शकतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही खमक्या आजीकडे पाहूनही कळतं.

शिस्तीचा प्रश्न नसतो तेव्हा

सगळं करूनही मूल सावरत नसेल तर आधी साध्या गोष्टी बघा: भूक, झोप, दातांचं दुखणं, कानाचं दुखणं, घरात आलेलं नवं बाळ. दुपारची झोप हुकलेल्या मुलाला संध्याकाळी नियम शिकवायला जाऊ नये. आजारपणात तर नियम बाजूलाच ठेवावेत, मात्र बरं वाटल्यावर ते परत सुरू झाले असं तोंडाने सांगावं. विल्यम्सच्या त्या मुलाचा हट्टही आजारपणातच रुजला होता.

काही वेळा कारण आणखी खोल असतं. मूल हाकेला वळून बघत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, आकांत रोज कितीतरी वेळा आणि फार लांबतो, त्यात ते स्वतःला इजा करून घेतं, तर "हट्टी आहे, मोठं झाल्यावर सुधारेल" म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तेव्हा अंगणवाडी सेविकेला हे सांगून ठेवा. गरज पडली तर तिथून जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला "ऐकत नाही" म्हणून मार बसल्याची उदाहरणं आहेत.

आणि एखाद्या रविवारी मिसळीच्या टेबलावर, सगळं माहीत असूनही, आपण मोबाइल देणारच. नंबर लांब असतो, लोक बघत असतात. निदान तो दुसऱ्या मिनिटाला द्या, विसाव्या मिनिटाला नको. आणि देताना पोरीचं रडणं थांबेपर्यंत, अर्धं मिनिट का होईना, थांबा. "आधी डोळे पूस, नीट माग, मग देते." ती हुंदके देत का होईना, नीट मागेल. पुढच्या रविवारी घरातून निघतानाच सांगून टाका की आज मोबाइल गाडीतच राहणार, आणि पिशवीत चार खडू आणि एक वही टाका. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा जास्त रडेल. गर्दीच्या ठिकाणी ते झेपणार नसेल, तर तो रविवार मिसळ पार्सल आणून घरीच खा.